चाकांना न जोडलेलं इंजिन

२४ ऑक्टोबर २०२४ला अमेरिकेतल्या नॅशव्हिलजवळ स्काउट मोटर्सनं दोन गाड्या लोकांसमोर आणल्या. टेरा हा पिकअप आणि ट्रॅव्हलर ही एसयूव्ही. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, पण अंगानं जुन्या वळणाच्या: खाली लॅडर फ्रेम म्हणजे शिडीसारखा सांगाडा, मागे सलग एक्सल, चारही चाकांना ताकद. नुसत्या बॅटरीवर त्या सुमारे ३५० मैल, म्हणजे ५६० किलोमीटर जातील असा कंपनीचा अंदाज होता. त्याच मंचावर दुसरा पर्यायही जाहीर झाला. गाडीच्या मागच्या भागात एक पेट्रोल इंजिन बसवायचं. ते चाकं फिरवणार नाही, फक्त जनरेटर फिरवून वीज तयार करेल आणि पल्ला ५०० मैलांवर नेईल. या पर्यायाचं नाव ‘हार्वेस्टर’. आगाऊ नोंदणी करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक लोकांनी तोच मागितल्याचं कंपनीनं पुढे सांगितलं.

हार्वेस्टर हे नाव ज्या कंपनीवरून आलं, तिची महाराष्ट्राशी जुनी ओळख आहे. शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मुळात शेतीची यंत्रं करणारी कंपनी. १९६३ साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्यासोबत तिनं इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि कांदिवलीत ट्रॅक्टर तयार होऊ लागले. बी-२७५ म्हणजे काय, हे गावाकडच्या जुन्या शेतकऱ्याला आजही सांगावं लागत नाही. त्याच कंपनीनं तिकडे १९६० साली स्काउट बाजारात आणली होती. शेतावर राबणारी, रविवारी डोंगरात घेऊन जाता येईल अशी गाडी. छत काढता येई, पुढची काच बॉनेटवर आडवी पाडता येई. तिचं चार सिलिंडरचं इंजिन म्हणजे कंपनीच्याच व्ही-८ इंजिनाची अर्धी बाजू होती. फोर्डची ब्रॉन्को आणि शेव्हर्लेची ब्लेझर या नंतर आल्या. १९८० पर्यंत फोर्ट वेनच्या कारखान्यातून पाच लाखांहून अधिक स्काउट बाहेर पडल्या. मग लांबलेला संप, कर्ज आणि शेतीची मंदी यांत कंपनी खचली आणि स्काउट बंद झाली. उरलेल्या ट्रकच्या धंद्याला नाविस्टार हे नाव मिळालं. २०२१मध्ये फोक्सवॅगनच्या ट्रॅटॉन या ट्रक कंपनीनं नाविस्टार विकत घेतली, तेव्हा स्काउट हे नावही जर्मन हातात गेलं. २०२२मध्ये ते पुन्हा जिवंत करायचं ठरलं, तेव्हा योजना निव्वळ विजेच्या गाड्यांची होती. इंजिन नंतर आलं.

ते का आलं, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

१९०० साली व्हिएन्नाच्या लोनर या बग्ग्या बांधणाऱ्या कारखान्यात फर्डिनंड पोर्शे हा पंचविशीचा तरुण चाकांच्या तुंब्यांतच मोटर बसवलेल्या विजेच्या गाड्या करत होता. शिशाची बॅटरी शेकडो किलोंची आणि चाल मर्यादित. त्यानं बॅटरी लहान केली आणि मोकळ्या झालेल्या जागेत दी दियों-बुतोंची दोन छोटी पेट्रोल इंजिनं बसवली, प्रत्येकाला एकेक जनरेटर. इंजिनाचा चाकांशी काहीही संबंध नव्हता. गाडीचं नाव ठेवलं ‘सेंपर विवुस’, लॅटिनमध्ये ‘सदैव जिवंत’. आजच्या रेंज एक्स्टेंडरची, म्हणजे पल्ला वाढवायला फक्त वीज करणाऱ्या इंजिनाची, पूर्ण मांडणी त्या गाडीत आहे.

हीच मांडणी पुढे रस्ता नसलेल्या ठिकाणी जात राहिली, आणि मला या इतिहासातला हाच धागा महत्त्वाचा वाटतो. १९१७ साली फ्रान्सचा सेंत-शामों रणगाडा पेट्रोल इंजिनानं वीज करून चालत असे. दुसऱ्या महायुद्धात पोर्शेनंच टायगर रणगाड्यासाठी असा प्रस्ताव दिला होता: दोन इंजिनं, दोन जनरेटर, दोन मोटर. १९४२च्या चाचण्यांत इंजिनं दगा देत राहिली आणि कंत्राट हेन्शेलला मिळालं. तयार झालेल्या नव्वदेक सांगाड्यांवर वेगळी इंजिनं बसवून फर्डिनंड नावाची रणगाडाभेदी वाहनं केली गेली, पण वीजचाल तीच राहिली. इतकी कटकट पत्करून ही माणसं विजेच्याच मागे का लागली? कारण जड वाहन जागचं हलवताना गिअर आणि क्लच मोडतात. विजेची मोटर मात्र शून्य वेगालाच आपला पूर्ण पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर (टॉर्क), देते.

अमेरिकेत आर. जी. लटूर्नो या यंत्रनिर्मात्यानं हे टोकाला नेलं. लष्करासाठी त्यानं बांधलेली ओव्हरलँड ट्रेन १९६२मध्ये ॲरिझोनातल्या युमाच्या वाळवंटात तपासली गेली. चोपन्न चाकं, प्रत्येक चाकात स्वतंत्र मोटर आणि वीज करायला चार गॅस टर्बाइन. लांबी १७० मीटरच्या वर, रूळ नाहीत, रस्ताही नको. जड सामान उचलणारी हेलिकॉप्टरं आली आणि लष्कराचा रस संपला. खाणीतल्या अजस्र डंपरांत मात्र चाकातली मोटर टिकून राहिली.

आपल्याला हे तंत्र सर्वांत जवळून भेटलं ते रेल्वेत. १९६२पासून आपल्याकडे आलेल्या डब्ल्यूडीएम-२ या डिझेल इंजिनांत २६०० अश्वशक्तीचं इंजिन जनरेटर फिरवी आणि गाडी ओढत सहा विजेच्या मोटरी. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२मध्ये पुरं झालं, त्याआधी रत्नागिरी किंवा चिपळूण स्टेशनात गाडी सुटताना ज्यांनी कान दिला असेल त्यांना आठवेल. आधी इंजिनाचा आवाज चढायचा, धूर वर उसळायचा, फलाटाखालची जमीन थरथरायची, आणि गाडी अजून जागच्या जागी असायची. मग डबे एकेक करून ताणले जात आणि गाडी हळूच निघे. गिअर बदलल्याचा झटका नाही. आवाजाची चाल वेगळी, चाकांची वेगळी. हार्वेस्टरची गाडी डोंगर चढताना असंच होणार आहे, आणि ज्यांना ते विचित्र वाटेल त्यांना मी हीच आठवण सांगेन.

फरक एकच, पण मोठा. रेल्वेच्या त्या इंजिनात ओढकामाची बॅटरी नव्हती, त्यामुळे लागेल तितकी वीज त्या क्षणी इंजिनालाच करावी लागे. रेंज एक्स्टेंडरमध्ये बॅटरी मधे बसते. क्षणाची ताकद बॅटरी देते, इंजिन फक्त सरासरी भरून काढतं. म्हणून इंजिन लहान चालतं. पण किती लहान? या प्रश्नावर गेल्या पंधरा वर्षांत बरेच हात पोळले आहेत.

२०१०च्या अखेरीस शेव्हर्ले व्होल्ट आली, १६ युनिटची बॅटरी आणि १.४ लिटरचं इंजिन घेऊन. तिनं ही कल्पना सामान्य घरात नेली. खरा धडा मात्र बीएमडब्ल्यूच्या आय-३नं दिला. तिच्या रेंज एक्स्टेंडर आवृत्तीत कंपनीच्याच मोठ्या स्कूटरचं ६४७ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन आणि नऊ लिटरची टाकी होती. गाडीची मोटर १२५ किलोवॉटची, जनरेटर साधारण २५चा. सपाट रस्त्यावर हे पुरतं. पण कॅलिफोर्नियाच्या नियमांत बसण्यासाठी अमेरिकी गाडीत बॅटरी जवळजवळ संपल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. अशा अवस्थेत लांब चढ लागला की मागे साठा नाही आणि जनरेटर अपुरा. गाडीचा वेग महामार्गावरच घसरू लागे. मालकांनी कोर्टात धाव घेतली. युरोपातल्या त्याच गाडीत चालक इंजिन आधी सुरू करून साठा राखू शकत होता, म्हणजे दोष यंत्राइतकाच नियमाचा होता. बॅटरी रिकामी व्हायची वाट पाहणं ही शहराची बुद्धी आहे. घाट चढणारा माणूस पायथ्याशीच तयारी करतो.

मग डोंगरात जाणाऱ्या गाडीला पेट्रोल हवंच कशाला, मोठी बॅटरी का नको? २० लिटरचा एक जेरीकॅन घ्या. त्यातल्या पेट्रोलचं वजन १५ किलो. त्यात सुमारे १७८ युनिट ऊर्जा असते. इंजिन आणि जनरेटर त्यातली तिसऱ्या हिश्शाहून थोडी कमी वीज करून देतील असं धरलं, तरी पन्नासेक युनिट हातात येतात. तेवढी वीज साठवणारी बॅटरी तीनशे किलोंच्या पुढे जाते. २०२१च्या अखेरीस आलेल्या विजेच्या हमरनं दुसरा रस्ता धरला होता: दोनशेहून अधिक युनिटची बॅटरी, आणि त्या एका बॅटरीचं वजन तेराशे किलोंच्या आसपास. मारुती स्विफ्टहून जड. अख्खी गाडी चार टनांच्या वर. चिखलात आणि वाळूत वजन हाच पहिला शत्रू, हे जीप रुतवून बसलेल्या कुणालाही ठाऊक आहे. शिवाय शेवटच्या गावापलीकडे चार्जर नसतो. जेरीकॅन मात्र पाठीवरही नेता येतो.

रिव्हियन, फोर्डची एफ-१५० लाइटनिंग आणि टेस्लाचा सायबरट्रक यांनी २०२१ ते २०२३ या काळात विजेचा पिकअप किती वेगवान आणि बळकट असू शकतो ते दाखवलं. पण मागे जड ट्रेलर लावला की पल्ला निम्म्यावर येतो, हेही याच काळात लोकांना कळलं. सायबरट्रकसाठी मागच्या हौद्यात बसणारी जादा बॅटरी कबूल केली होती, तीही शेवटी रद्द झाली. त्यापूर्वी व्हिआ मोटर्सनं शेव्हर्लेचे पिकअप बदलून आणि वर्कहॉर्सनं २०१७मध्ये आपला डब्ल्यू-१५ दाखवून इंजिनाचा मार्ग सुचवला होता. दोघांचं पुढे फारसं काही झालं नाही.

बाजार खऱ्या अर्थानं उघडला तो चीनमध्ये. ली ऑटो या चिनी कंपनीची रेंज एक्स्टेंडर असलेली पहिली गाडी २०१९च्या शेवटी ग्राहकांकडे जाऊ लागली, आणि घरी चार्जर नसलेल्या शहरी कुटुंबांनी ती उचलून धरली. २०२० साली फोक्सवॅगनच्या चीनमधल्या प्रमुखांनी हा सगळा प्रकार निरर्थक ठरवला होता. चारच वर्षांत त्याच समूहाची स्काउट तो प्रकार घेऊन उभी राहिली. ऑफ-रोडमध्येही चीन आधी पोचला. बीवायडीच्या यांगवांग यू-८मध्ये चार चाकांना चार मोटर, ४९ युनिटची बॅटरी आणि वीज करायला दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे. ती जागच्या जागी गोल फिरते आणि पुराच्या पाण्यात अर्धा तास तरंगू शकते असं कंपनी सांगते. तरंगताना इंजिन बंद ठेवता येणं, हा या मांडणीचाच फायदा.

अमेरिकेत रॅम या पिकअप बनवणाऱ्या कंपनीनं नोव्हेंबर २०२३मध्ये रॅमचार्जर जाहीर केला. ३.६ लिटरचं व्ही-६ इंजिन, १३० किलोवॉटचा जनरेटर, ९२ युनिटची बॅटरी, एकूण पल्ला ६९० मैलांचा. आय-३चा धडा इथे आकड्यांत दिसतो: जनरेटर पाचपट, कारण हा ट्रक ट्रेलर ओढत चढ चढणार आहे. सप्टेंबर २०२५मध्ये कंपनीनं निव्वळ विजेच्या रॅमची योजना सोडली आणि तिच्यासाठी राखलेलं आरईव्ही हे नाव या इंजिनवाल्या ट्रकला दिलं. त्याच महिन्याअखेर विजेच्या गाड्यांवरची ७,५०० डॉलरची केंद्रीय करसवलत संपली. डिसेंबरमध्ये फोर्डनंही लाइटनिंगचं चालू रूप थांबवून पुढचा ट्रक रेंज एक्स्टेंडरचा असेल असं जाहीर केलं.

स्काउटनं मात्र रॅमसारखं मोठं इंजिन घेतलेलं नाही. हार्वेस्टरमध्ये फोक्सवॅगनचं टर्बो नसलेलं चार सिलिंडरचं इंजिन आहे, मागच्या एक्सलच्याही मागे बसवलेलं, आणि त्यासोबत नुसत्या विजेच्या गाडीच्या निम्म्या आकाराची बॅटरी. विजेचा टेरा १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन ओढेल असं कंपनी म्हणते. हार्वेस्टर लावलेल्या टेराची ओढण्याची ताकद याच्या निम्म्याच्या आसपास सांगितली गेली आहे. नोंदणी केलेल्या त्या ८० टक्क्यांत घोड्यांचा ट्रेलर ओढणारे शेतकरी किती आणि तंबू घेऊन दूर जाणारे किती, यावर हा हिशेब कुणाला जमेल ते ठरेल. तंबूवाल्यांना जमेल असं मला वाटतं. ट्रेलरवाल्यांनी जनरेटरचा किलोवॉटमधला आकडा कंपनीला आधी विचारावा.