शिकागोचे उन्हाळी ब्लूज व जॅझ महोत्सव

अमेरिकेतील शिकागो शहरात मिशिगन सरोवराकाठच्या सार्वजनिक उद्यानांत दर उन्हाळ्यात भरणारे दोन विनामूल्य संगीत महोत्सव. ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे सुखदुःखाचे गाणे, तर जॅझ हे उत्स्फूर्त वादनावर भर देणारे त्यांचेच संगीत. ब्लूज महोत्सव जूनमध्ये, तर जॅझ महोत्सव सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी पाळल्या जाणाऱ्या कामगार दिनाला लागून भरतो. त्यामुळे शहराच्या उन्हाळ्याच्या जवळजवळ दोन्ही टोकांना हे महोत्सव येतात. आयोजन शहर प्रशासनाच्या सांस्कृतिक खात्याकडे असून जॅझ महोत्सवाच्या कार्यक्रमांच्या निवडीत ‘जॅझ इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो’ ही संस्था प्रथमपासून सहभागी आहे.

या दोन्ही संगीतप्रकारांचा जन्म शिकागोत झालेला नाही. ते दक्षिणेकडून आगगाडीने आले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय अमेरिकनांनी दक्षिणेतील राज्ये सोडली. त्यांतील मिसिसिपीकडच्या असंख्य कुटुंबांना इलिनॉय सेंट्रल रेल्वेने थेट शिकागोत आणले. जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग १९२२ मध्ये न्यू ऑर्लीन्सहून किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदात वाजवण्यासाठी येथे आला आणि ब्लूज गायक व गिटारवादक मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून. शेतमजुरांच्या वस्तीत एकट्या गिटारवर भागत असे, पण शहरातील गजबजलेल्या मद्यगृहांत तिचा आवाज पोहोचेना. म्हणून तिला विजेची जोड मिळाली, हार्मोनिका ध्वनिक्षेपकाला (मायक्रोफोनला) ओठांइतकी जवळ धरली जाऊ लागली, मागे ड्रम आले, आणि आज ‘शिकागो ब्लूज’ म्हणून ओळखली जाणारी शैली घडली.

शहरात ब्लूज उघड्यावर ऐकण्याची सवय महोत्सवाहून बरीच जुनी आहे. मॅक्सवेल स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात जुने कपडे, हत्यारे आणि भाजीच्या गाड्यांच्या मधोमध वादक आपले अ‍ॅम्प्लिफायर मांडत. वीज शेजारच्या घरातून किंवा दुकानातून, त्यासाठी चार पैसे देऊन, खिडकीतून लांब वायर ओढून घेतली जाई. श्रोते फिरते असत. गाणे आवडले नाही तर ते पुढच्या गाडीकडे वळत. नव्याने शहरात आलेल्या वादकाची खरी परीक्षा तेथेच होई. १९९४ मध्ये शेजारच्या इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजार मूळ जागेवरून हलवण्यात आला. महोत्सवांचा इतिहास सांगताना या बाजाराचा उल्लेख अनेकदा ओझरताच होतो, तो योग्य नाही.

जॅझ महोत्सवाचे मूळ एका श्रद्धांजलीत आहे. मे १९७४ मध्ये जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टनचे निधन झाल्यावर स्थानिक वादकांनी सरोवराकाठच्या ग्रँट पार्कमध्ये त्याच्या स्मरणार्थ मोफत मैफल भरवली आणि ती पुढे दरवर्षी होत राहिली. १९७८ मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या स्मृतिप्रीत्यर्थ आणखी एक मैफल सुरू झाली, आणि जॅझ इन्स्टिट्यूटचाही स्वतःच्या महोत्सवाचा विचार चालू होता. हे तिन्ही प्रवाह १९७९ मध्ये एकत्र आणून शहराने पहिला जॅझ महोत्सव घडवला. ब्लूज महोत्सव १९८४ मध्ये, म्हणजे मडी वॉटर्सच्या निधनानंतर एका वर्षाने, ग्रँट पार्कमध्येच सुरू झाला. पुढे जॅझ महोत्सव २०१३ मध्ये आणि ब्लूज महोत्सव २०१७ मध्ये लगतच्या मिलेनियम पार्कमध्ये हलवण्यात आला. कोरोनाच्या साथीमुळे २०२० मध्ये दोन्ही महोत्सव उद्यानात भरू शकले नाहीत.

शहराच्या ऐन मध्यभागी, सरोवराकाठी, एवढी मोकळी जमीन उरली कशी, हा प्रश्न येथे अप्रस्तुत नाही. १८३६ च्या एका नकाशावर या पट्ट्याविषयी ‘कायम मोकळा, इमारतींपासून मुक्त’ अशा आशयाचा शेरा होता. त्याच्या आधारे व्यापारी मॉन्टगोमेरी वॉर्ड याने १८९० पासून सुमारे दोन दशके न्यायालयात लढून तेथील बांधकामे रोखली. त्यामुळे वास्तुशिल्पी फ्रँक गेरीने आखलेला, २००४ मध्ये खुला झालेला मिलेनियम पार्कमधील प्रिट्झकर पॅव्हिलियन हा उंच रंगमंच नियमांत बसवण्यासाठी त्याची गणना इमारतीत न करता कलाकृतीत करण्यात आली. त्याच्यासमोर सुमारे ४,००० कायम आसने आणि त्यांमागे सुमारे ७,००० जणांना सामावणारी हिरवळ आहे. हिरवळीवर पोलादी नळ्यांची विस्तीर्ण जाळी असून तिला ध्वनिवर्धक टांगलेले आहेत. रंगमंचापासून दूर असलेल्या ध्वनिवर्धकांतून आवाज क्षणभर उशिराने सोडला जातो, कारण तसे केले नाही तर विजेच्या तारेतून आलेला सूर हवेतून येणाऱ्या सुराच्या आधी कानी पडून शब्द दुहेरी ऐकू येतील.

तरीही उघड्यावरचे वादन बंदिस्त सभागृहासारखे होत नाही. दुपारच्या उन्हात तापलेल्या पोलादी तारा सैल पडतात आणि गिटारचा सूर उतरतो. सावली किंवा सरोवरावरचा गार वारा आला की तोच सूर चढतो. वारा थेट ध्वनिक्षेपकात शिरला तर घरघर होते, आणि जूनमधील गडगडाटी पाऊस कार्यक्रम मध्येच थांबवू शकतो. या गैरसोयी ब्लूजला तुलनेने कमी बाधतात. बारा मात्रागटांची ठरीव चौकट, पहिली ओळ पुन्हा म्हणून तिसरीने तिला उत्तर देण्याची रीत आणि ठसठशीत ताल यांमुळे उशिरा आलेला श्रोताही चटकन रमतो. जॅझचे मात्र हाल होतात. कॉन्ट्राबास या मोठ्या, खर्जातल्या तंतुवाद्यावरील हळुवार एकलवादन रस्त्यावरच्या रहदारीत बुडून जाते. असे असूनही १९६५ मध्ये शिकागोत स्थापन झालेल्या सर्जनशील संगीतकारांच्या संघटनेच्या परंपरेतील प्रयोगशील, कानाला सहजी न रुचणारे संगीत या महोत्सवाने मोफत श्रोत्यांपुढे ठेवले, ही त्याची मोठी कामगिरी मानावी लागेल. तिकीट नसल्याने श्रोत्याला न आवडल्यास उठून जाण्याची मुभा असते, आणि आयोजकाला धाडस करण्याची.

अन्य महानगरांतही असे उपक्रम आहेत. डेट्रॉइटचा जॅझ महोत्सव आणि कॅनडातील माँट्रिऑलचा आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव, हे दोन्ही १९८० मध्ये सुरू झाले. माँट्रिऑलमध्ये सभागृहांतील सशुल्क मैफलींच्या जोडीला रस्ते वाहनांसाठी बंद करून मोफत कार्यक्रम केले जातात.

मिलेनियम पार्क जमिनीवर नसून छतावर उभे आहे. त्याच्या हिरवळीखाली वाहनतळ आहे आणि पूर्वीच्या इलिनॉय सेंट्रलच्या मार्गावरून आजही उपनगरी गाड्या धावतात. दक्षिणेकडून आलेली कुटुंबे जेथे उतरत, ते या रेल्वेचे जुने स्थानक ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला होते. ते १९७४ मध्ये, एलिंग्टनच्या स्मरणार्थ पहिली मैफल झाली त्याच वर्षी, पाडण्यात आले.