ॲल्युमिनियमच्या होडीचं काम घरी करताना

आमच्याकडून पत्रा, अँगल आणि बोल्ट नेऊन अंगणात नाहीतर मांगरात स्वतःची होडी सजवणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. बरेच जण मोबाइलवरचे व्हिडिओ बघून येतात. पुढे उभं राहायला फळी, खाली कार्पेट, मध्ये माशांची पेटी, मागे बॅटरी असा बेत ठरलेला असतो. व्हिडिओ वाईट नसतात, पण त्यातल्या होड्या बहुतेक अमेरिकेतल्या तळ्यांवर, गोड्या पाण्यात फिरतात. आपली होडी फिरणार दाभोळ-जयगडच्या खाडीत, नाहीतर मालवणच्या किनाऱ्याला. त्यामुळे तिथली निम्मी कामं इथे जशीच्या तशी करून चालत नाही.

ॲल्युमिनियमवर हवेत आपोआप एक पातळ, घट्ट थर तयार होतो आणि तोच त्याला सांभाळतो. पण खाऱ्या पाण्यात त्याला दुसरा धातू चिकटला की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियमच. तांबं-पितळ यात सगळ्यात वाईट. तळाशी पडून राहिलेली पितळी किल्ली, वायरचा तुकडा, जाळ्याचं सुटलेलं शिसं यांनीसुद्धा पत्र्याला खड्डा पडतो. म्हणून काम संपलं की तळ झाडून घ्या, आणि लोखंडावर वापरलेला तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर फिरवू नका. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात.

बोल्ट स्टेनलेसचे, तेही ३१६ ग्रेडचे घ्या. बाजारात स्वस्तात मिळतात ते बहुधा ३०४ असतात, खाऱ्या पाण्यात त्यांना लवकर डाग धरतात. पण ३१६ सुद्धा ॲल्युमिनियमला थेट टेकता कामा नये. डोक्याखाली आणि नटाखाली नायलॉनचा वायसर, भोकात नायलॉनची नळी आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल पत्र्याला लागतं. पॉप रिवेट मारायचे तर बंद तोंडाचे घ्या. साध्या रिवेटच्या पोटात लोखंडी खिळ्याचा तुकडा राहतो आणि तो गंजतो. पाण्याच्या रेषेखाली मात्र घरी एकही भोक पाडू नका.

आता फळीबद्दल थोडं सविस्तर, कारण दुरुस्तीला येणाऱ्या होड्यांत सर्वाधिक बिघाड तिथेच असतो. मरीन प्लाय म्हटलं की लोक निर्धास्त होतात. पण प्लाय कुजू नये म्हणून त्याला अनेकदा तांब्याच्या क्षारांची प्रक्रिया केलेली असते. असा प्लाय ओला होऊन पत्र्याला टेकला की तांबं थेट पत्र्याशी येतं. वर कार्पेट असेल तर विचारूच नका. आपल्या दमट हवेत ते सुकत नाही, आणि त्यात बोयी-शेंगटीचं रक्त मुरलं की धुऊनही वास जात नाही. अशी फळी उचलली की खाली पांढरी, ओलसर भुकटी दिसते. ती बोटाने पुसली की ज्वारीच्या दाण्याएवढे खड्डे हाताला लागतात.

त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा ३ मिमीचा चेकर्ड (उंचवट्यांच्या नक्षीचा) पत्रा टाका. एका चौरस मीटरचं वजन साधारण साडेआठ किलो भरतं, म्हणजे १२ मिमी प्लायच्या आसपासच. उन्हात तो तापतो ही तक्रार खरी आहे. फिका रंग देऊन त्यात बारीक वाळू मिसळली की चटका कमी होतो आणि पायही घसरत नाही. रंगाआधी घासलेल्या पत्र्यावर लगेच, त्याच दिवशी प्रायमर मारा. उशीर केला तर वरचा थर पुन्हा जमतो आणि रंग पापुद्र्यांनी निघतो. तळाला शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून मारायचा रंग तांब्याचा नको. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आमच्यासुद्धा.

फळीची फ्रेम खिडक्यांच्या ॲल्युमिनियम सेक्शनमधून करायला हरकत नाही, फक्त फार पातळ सेक्शन घेऊ नका. फ्रेमच्या प्रत्येक कोपऱ्याला पाणी वाहून जायला वाट ठेवा. आणि फळी जितकी उंच, तितकी होडी डुलणार. पागायला, म्हणजे जाळं फेकायला, उभं राहणाऱ्याला हे आम्ही सांगायची गरज नाही, पण मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी उंची कमीच ठेवावी.

तरंगण्यासाठी फोम भरणाऱ्यांनी एक हिशेब लक्षात ठेवावा. १ किलो ॲल्युमिनियमला पाण्यात बुडू न देता धरून ठेवायला साधारण ६३० मिलीलिटर फोम लागतो. ८० किलोच्या होडीला ५० लिटर पुरेल. इंजिन, बॅटरी आणि माणसं मोजली की आकडा दीडशेच्या पुढे जातो. साधं थर्माकोल पेट्रोलमध्ये विरघळतं, ते नको. पत्र्याला चिकटवून ओतलेला फोमही नको, त्याच्या मागे पाणी अडकतं. घट्ट झाकणाचे रिकामे कॅन फळीखाली नीट बांधले तर आमच्या मते ते फोमपेक्षा बरे, कारण काढून धुता येतात.

वायरिंगमध्ये होडीच्या पत्र्याचा निगेटिव्ह म्हणून उपयोग कधीही करू नका. दोन वायरी स्वतंत्र ओढा, कथिलाचा मुलामा असलेल्या, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ बसवा. रात्री जाणार असाल तर डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा आणि वर चौफेर दिसणारा पांढरा दिवा हवा. मासे गोळा करायला एलईडीचा झोत लावून द्या, अशी मागणीही होते. त्या मासेमारीवर बंदी आहे, ते काम आम्ही घेत नाही.

गळती शोधायला होडी पाण्यात न्यायला नको. जमिनीवर चांगले टेकू देऊन आत चार बोटं पाणी भरा आणि बाहेरून थेंब दिसेल तिथे मार्करने खूण करा. पेन्सिलने नको, तिच्यातलं ग्रॅफाइटसुद्धा ॲल्युमिनियमला त्रास देतं. पावसाळ्यात होडी पालथी घाला, पण थेट जांभ्याच्या चिऱ्यावर ठेवू नका. चिरा ओल धरून ठेवतो आणि पत्रा घासतो. खाली जुन्या टायरचे तुकडे घाला.

वेल्डिंग, इंजिन लागतं त्या मागच्या उभ्या फळीला जोर देणं आणि इंजिनाची बैठक ही कामं आमच्याकडे आणा. इंजिन मोठं करायचं असेल तर आधी होडीच्या नोंदणीवर काय लिहिलंय ते बघा. होडी गोड्या पाण्याने धुऊन, दोन दिवस वाळवून आणा, कारण मीठ आणि ओल असलेल्या पत्र्यावर वेल्डिंगला बारीक भोकं पडतात. ३१ जुलैला पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपते, त्यामुळे शेवटच्या पंधरवड्यात आमच्याकडे रांग असते. जूनमध्ये आलात तर काम निवांत होईल.