रक्तातलं वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द

गेल्या आठवड्यात शेजारचे काका सीबीसीचा रिपोर्ट घेऊन आले. "मोनोसाइट्स आठ टक्के आलेत. म्हणजे माझी इम्युनिटी चांगली आहे ना गं?" दुसऱ्या हातात 'इम्युनिटी वाढवणाऱ्या' पावडरीचा डबा होता. रिपोर्टात पांढऱ्या पेशींची नेहमीची पाच नावं होती: न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, मोनोसाइट, इओसिनोफिल, बेसोफिल. आकडा ठीक आहे एवढं सांगून मी त्यांना घरी पाठवलं आणि मग बराच वेळ त्या पाच नावांकडेच बघत बसले. या नावांच्या पोटात काय काय दडलंय हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत ज्या रीतीने उलगडत गेलं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

यातली काही नावं चक्क रंगांवरून पडली आहेत. १८७९ च्या सुमारास जर्मनीत पॉल एर्लिख रक्ताच्या पेशींवर निरनिराळे रासायनिक रंग टाकून बघत होते. इओसिन हा लाल रंग जिने पकडला ती इओसिनोफिल. पुढे पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं हुडकणाऱ्या चमकत्या अँटिबॉडी आल्या आणि त्या प्रथिनांना सीडी४, सीडी८ असे क्रमांक मिळाले. साधनं सुधारली, पण तर्क जुनाच राहिला: बाहेरची खूण सारखी, तर पेशी सारखी.

या तर्कात काय खोट आहे ते पुण्याच्या पोस्टमनला विचारा. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आहे आणि वडगाव खुर्दही आहे. पलीकडे वडगाव शेरी, आणखी लांब वडगाव मावळ. पाकिटावर नुसतं 'वडगाव' लिहिलं तर पत्र कुठे जाईल सांगता येत नाही. हाच घोळ मिटावा म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी पिनकोडची पद्धत आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ ला ती देशभर लागू झाली. पेशींच्या जगाला पिनकोड मिळायला मात्र आणखी चार दशकं जावी लागली.

माझी गोष्ट डेंड्रिटिक पेशींची आहे. १९७३ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांना उंदराच्या प्लीहेत फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या पेशी सापडल्या. ग्रीकमध्ये 'डेंड्रॉन' म्हणजे झाड, म्हणून हे नाव. या पेशी जंतूचे तुकडे उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे लिम्फोसाइटच्या एका प्रकाराला, नेऊन दाखवतात. त्यावरून टी पेशी लढाईला तयार होतात. स्टाइनमन यांना पुढे स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला आणि त्यांनी याच पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून घेतले. ३० सप्टेंबर २०११ ला ते गेले. ३ ऑक्टोबरला त्यांचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते हयात नाहीत हे निवड समितीला माहीतच नव्हतं. पुरस्कार कायम ठेवला गेला. हे लिहिताना आजही गलबलून येतं.

आपल्या रक्तात डेंड्रिटिक पेशी अगदी थोड्या असतात, काकांच्या रिपोर्टात तर त्यांचं नावही नाही. त्यांच्यातला एक प्रकार म्हणजे प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी. नाव जीभ अडखळवणारं आहे, म्हणून संशोधक 'पीडीसी' म्हणतात, आपणही तसंच म्हणू. विषाणू आला की इंटरफेरॉन हे धोक्याची सूचना देणारं प्रथिन प्रचंड प्रमाणात सोडणारी पेशी हीच, हे १९९९ मध्ये स्पष्ट झालं. तिच्या नावावर दुसरंही एक काम लिहिलेलं होतं: टी पेशींना जागं करणं. दोन्ही कामं एकच पेशी करते असं मानलं जात होतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. तो थोडा सावकाश वाचावा लागेल.

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत तोच डीएनए असतो आणि त्यात प्रथिनांची सुमारे २०,००० जनुकं असतात. यकृताची पेशी आणि डेंड्रिटिक पेशी वेगळ्या असतात, कारण या २०,००० पैकी कोणती जनुकं वाचायची हे प्रत्येकीचं वेगळं ठरलेलं असतं. जनुक वाचलं गेलं की त्याची आरएनए प्रत निघते. या क्षणी पेशीत कोणत्या जनुकाच्या किती प्रती फिरताहेत, याची यादी म्हणजे जनुकांची अभिव्यक्ती. ही यादी हाती आली तर पेशीला बाहेरून ओळखत बसण्याची गरजच नाही. पण एका पेशीतला सगळा आरएनए मिळून भरतो जेमतेम दहा पिकोग्रॅम. एका ग्रॅमचे दहा हजार कोटी भाग केले तर त्यातला एक. म्हणून पूर्वी लाखो पेशी एकत्र फोडून सरासरी काढत. सरासरीत वडगाव खुर्द दिसत नाही. एकाच पेशीतला आरएनए वाचून दाखवणारा पहिला प्रयोग २००९ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत झाला.

हे जमतं कसं? प्रथिनाचा निरोप नेणाऱ्या आरएनएला शेवटी 'ए' या रासायनिक अक्षराची लांब शेपटी असते. 'टी' अक्षरांचा छोटा धागा त्या शेपटीला बरोबर चिकटतो. तिथून उंदरातल्या एका विषाणूकडून घेतलेलं विकर (एन्झाइम) आरएनएची उलटी, म्हणजे डीएनए प्रत काढत जातं. टोकाला पोचल्यावर या विकराची एक खोड उपयोगी पडते: ते थांबण्याआधी आपल्या पदरची दोन-चार 'सी' अक्षरं जोडतं. संशोधकांनी तिथे 'जी' अक्षरं असलेला आपला तुकडा आधीच ठेवलेला असतो. तो 'सी'वर बसतो आणि विकर आरएनएवरून उडी मारून या नव्या तुकड्याची प्रत काढू लागतं. आता प्रतीची दोन्ही टोकं आपल्या ओळखीची झाली. मग कोविडच्या दिवसांत घरोघरी माहीत झालेल्या पीसीआरने तिच्या हव्या तितक्या प्रती काढता येतात. स्टॉकहोमच्या करोलिन्स्का संस्थेत रिकार्ड सँडबर्ग यांच्या गटाने २०१३ मध्ये सुधारून मांडलेली स्मार्ट-सेक२ पद्धत याच उडीवर उभी आहे.

पण पेशी हजारो असतील तर कोणती प्रत कोणत्या पेशीची? इथे पिनकोड येतो. २०१५ मध्ये हार्वर्डमधल्या इव्हान मॅकोस्को आणि स्टीव्ह मॅकॅरोल यांच्या गटाने ड्रॉप-सेक ही पद्धत प्रसिद्ध केली. डोळ्यांना धड दिसणारही नाहीत असे बारीक मणी घ्यायचे आणि चार भांड्यांत वाटायचे. पहिल्या भांड्यातल्या मण्यांवरच्या डीएनएच्या सगळ्या धाग्यांना 'ए' हे अक्षर जोडायचं, दुसऱ्यात 'सी', तिसऱ्यात 'जी', चौथ्यात 'टी'. मग सगळे मणी एकत्र कालवायचे आणि पुन्हा चार भांड्यांत वाटायचे. असं बारा वेळा. प्रत्येक मण्याचा प्रवास वेगळा, म्हणून त्याचा बारा अक्षरी क्रमांकही वेगळा. पण एका मण्यावरच्या सगळ्या धाग्यांवर क्रमांक एकच. बारा फेऱ्यांत १,६७,७७,२१६ क्रमांक तयार होतात आणि एकही हाताने लिहावा लागत नाही! मग तेलात पाण्याचे इवले थेंब सोडायचे. ज्या थेंबात एक पेशी आणि एक मणी सापडला, तिथे पेशी फुटते आणि तिच्या आरएनएवर त्या मण्याचा क्रमांक चढतो. पुढे सगळं एकत्र ओतलं तरी चालतं. पेशीतल्या प्रतींपैकी साधारण दहा-बारा टक्केच या जाळ्यात येतात, कधी एका थेंबात दोन पेशी शिरतात आणि भलतीच संकरित यादी निघते. तरीही पहिल्याच शोधनिबंधात त्यांनी उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४,८०८ पेशी वाचल्या होत्या.

आता डेंड्रिटिक पेशींकडे परत येऊ. त्या वाचायला अलेक्झांड्रा-क्लोई विलानी या संशोधिकेने थेंबांची वाट न धरता स्मार्ट-सेक२ वापरली. पेशी कमी, पण एकेक खोलवर वाचायची. बॉस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये नीर हाकोहेन आणि अविव रेगेव्ह यांच्यासोबत त्यांनी निरोगी रक्तदात्यांच्या सुमारे २,४०० पेशी वाचल्या. एप्रिल २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या या कामात जुनी नावं बाजूला ठेवून, याद्या जिथे जुळल्या तिथे गट पाडले होते. डेंड्रिटिक पेशींचे सहा गट निघाले, मोनोसाइटचे चार.

सहापैकी एक गट अनोळखी होता. एएक्सएल आणि सिग्लेक६ या प्रथिनांची जनुकं त्यात जोरात चालू होती. आणि या पेशींच्या अंगावर सीडी१२३ आणि सीडी३०३ याही खुणा होत्या, म्हणजे पीडीसी ओळखण्याच्या नेमक्या जुन्या खुणा. इतकी वर्षं 'शुद्ध पीडीसी' म्हणून वेगळ्या काढलेल्या पेशींत या थोड्याशा पाहुण्या पेशी मिसळलेल्या असत. त्या काढून टाकल्या आणि पीडीसींची पुन्हा परीक्षा घेतली. इंटरफेरॉन भरपूर मिळालं, टी पेशी मात्र फारशा हलल्या नाहीत. टी पेशींना जागं करण्याचं काम या मूठभर पाहुण्यांचं होतं. खुर्दच्या लोकांनी खणलेली विहीर वर्षानुवर्षं बुद्रुकच्या नावावर होती. त्याच वर्षी सिंगापूरच्या फ्लोरँ जिनू यांच्या गटालाही वेगळ्या वाटेने या पेशी गाठ पडल्या.

त्या पावडरीच्या डब्याबद्दल इथेच सांगते, कारण इंटरफेरॉनचा विषय निघालाच आहे. ल्युपस या आजारात शरीर स्वतःच्याच ऊतींवर हल्ला करतं आणि बहुतेक रुग्णांच्या रक्तात इंटरफेरॉन जास्त असल्याच्या खुणा सापडतात. तिथे इम्युनिटी 'वाढलेली'च असते, आणि सांधे, त्वचा, मूत्रपिंड त्याची किंमत मोजतात. कोणती पेशी, कोणतं काम, किती वेळ, हे काहीही न सांगता 'इम्युनिटी वाढवा' म्हणून डबे विकणं ही माझ्या मते सरळसरळ फसवणूक आहे. घरच्या काढ्याने घसा शेकला जातो, बरं वाटतं. तो त्यासाठी जरूर प्यावा.

विलानींची यादीही दगडावरची रेघ नव्हती. त्यांनी डीसी४, म्हणजे डेंड्रिटिक पेशींचा चौथा गट, म्हणून वेगळा काढलेला गट खरं तर मोनोसाइटचाच एक प्रकार असल्याचं २०१८ मध्ये इतर संशोधकांनी दाखवलं. मला हे फार आवडलं. याद्या उघड्यावर ठेवलेल्या होत्या, म्हणून दुसऱ्यांना त्या पुन्हा तपासता आल्या.

आणि या याद्यांमध्ये आता आपलंही रक्त आहे. २०२५ मध्ये आशियाई लोकांच्या प्रतिकारपेशींचा नकाशा 'सेल' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला: पाच देशांतले ६१९ लोक, १२,६५,६२४ पेशी. सिंगापूरचे श्याम प्रभाकर त्याच्या प्रमुखांपैकी एक, आणि भारतातून पश्चिम बंगालमधल्या कल्याणीच्या राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकविज्ञान संस्थेचा त्यात सहभाग. वय, स्त्री की पुरुष, आणि आशियातल्या आशियातही कोणत्या लोकसमूहातले, यानुसार या पेशींचं प्रमाण आणि त्यांच्या आतल्या याद्या बदलतात असं त्यात दिसलं. काका पुन्हा आले की त्यांच्या आठ टक्क्यांच्या शेजारी छापलेली 'नॉर्मल रेंज' मी त्यांना दाखवणार आहे. ती नेमकी कोणाच्या रक्तावरून ठरवली, हे लॅबला विचारायला सांगणार आहे.