कन्सोल गेमची किंमत

कन्सोल गेमची किंमत : टीव्हीला जोडून खेळायच्या यंत्रासाठी, म्हणजे प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी, काढलेला व्हिडिओ गेम बहुधा त्याच गेमच्या संगणकावरील आवृत्तीपेक्षा महाग पडतो. चित्रे तीच, कथा तीच, बनवणारी माणसेही तीच. तरी २००५ च्या अखेरीस एक्सबॉक्स ३६० बाजारात आल्यापासून पुढची काही वर्षे अमेरिकेत कन्सोलची प्रत ६० डॉलरला आणि संगणकाची ५० डॉलरला, असा रिवाजच पडला होता. हे वरचे दहा डॉलर निर्मितीच्या खर्चातून आलेले नाहीत. कन्सोल हे एकाच कंपनीच्या मालकीचे गाव आहे आणि त्याच्या वेशीवर जकात नाका आहे. संगणकाच्या गावाला वेसच नाही.

या नाक्याची गरज का पडली, हे समजायला १९७७ सालच्या अटारी २६०० या कन्सोलपर्यंत मागे जावे लागते. अटारीने यंत्र विकले आणि त्यावरचे गेमही आपणच विकू असे गृहीत धरले. १९७९ मध्ये तिथलेच काही प्रोग्रॅमर बाहेर पडले, त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली आणि अटारीच्या यंत्रावर चालणारी स्वतःची कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेल्या, यंत्रात खोचायच्या डब्या, विकायला सुरुवात केली. अटारीने कोर्टाची पायरी चढून पाहिली, पण तोवर वाट सगळ्यांना ठाऊक झाली होती. मग जो तो गेम काढू लागला. दुकाने भरली, माल पडून राहिला, भाव कोसळले आणि १९८३ मध्ये अमेरिकेतला हा धंदाच बसला.

निन्टेन्डोने यावरून जो धडा घेतला, त्यावर आजवर सगळा कन्सोल व्यवसाय उभा आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या यंत्रात कंपनीने एक कुलूप-चिप बसवली. कार्ट्रिजमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर गेम चालत नसे. ही जोडीदार चिप फक्त निन्टेन्डोकडे. म्हणून गेम कोणीही लिहिला तरी कार्ट्रिज निन्टेन्डोकडूनच बनवून घ्यायचे, किमान मागणी ठरलेली, पैसे आगाऊ, आणि वर्षाला पाचच गेम काढायची परवानगी. माल खपला नाही तर तोटा प्रकाशकाचा. टेंगन या कंपनीने कुलूप फोडण्यासाठी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून चिपच्या प्रोग्रॅमची प्रत मिळवली. ही चलाखी तिला कोर्टात महागात पडली.

त्या काळी महागाईला एक खरेखुरे कारणही होते. कार्ट्रिज म्हणजे इलेक्ट्रॉनिक पाटी. तिच्यातली मेमरी चिप महाग, आणि गेमला जास्त ताकद हवी असेल तर आणखी एक चिप आत बसवावी लागे. सेगाने १९९४ मध्ये मेगा ड्राइव्ह या आपल्या कन्सोलसाठी काढलेल्या 'व्हर्चुआ रेसिंग'च्या कार्ट्रिजमध्ये अशी खास चिप होती, आणि अमेरिकेत त्या एका गेमची किंमत तब्बल १०० डॉलर होती. संगणकाचे गेम मात्र साध्या फ्लॉपीवर येत. मग १९९४ च्या डिसेंबरात सोनीचे प्लेस्टेशन आले, गेम सीडीवर गेले, आणि सीडी छापायला कार्ट्रिजच्या मानाने जवळजवळ काहीच लागत नव्हते. गेम खरोखर काहीसे स्वस्तही झाले. वस्तूचा खर्च असा आटला, तरी संगणकाच्या प्रतीपेक्षा वरचा भाव पुन्हा उभा राहिलाच. जकात तर कधी थांबलीच नव्हती.

ही जकात, म्हणजे प्रत्येक गेममागे कन्सोल कंपनी घेते तो वाटा, कशासाठी, याचे उत्तर कन्सोलच्या स्वतःच्या किमतीत आहे. आपल्याकडे म्हणतात, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. कन्सोल कंपन्यांनी ही म्हण धंद्याचे सूत्र केले आहे. कोंबडी मुद्दाम पडेल भावात विकायची आणि मसाल्याचे दुकान आपल्याच हाती ठेवायचे. २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ ची मोठी आवृत्ती अमेरिकेत ५९९ डॉलरला मिळत होती. आयसप्लाय या संस्थेने यंत्र उघडून केलेल्या हिशेबात तिच्या सुट्या भागांचा आणि जोडणीचा खर्चच सुमारे ८४० डॉलर निघाला. एपिक ही गेम बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या २०२१ च्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले, की एक्सबॉक्स यंत्राच्या विक्रीवर कंपनीने कधीच नफा कमावलेला नाही. हा खड्डा भरून निघतो तो विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधून कापल्या जाणाऱ्या वाट्यातून; डिजिटल विक्रीत हा वाटा साधारण ३० टक्के असतो. निन्टेन्डो यंत्र सहसा तोट्यात विकत नाही. तिची तऱ्हा वेगळी : २०१७ मध्ये ६० डॉलरला आलेला 'मारिओ कार्ट ८ डिलक्स' वर्षानुवर्षे त्याच छापील किमतीला विकला गेला.

संगणकावर अशी वसुली करणारा कोणी नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून आजच्या विंडोजपर्यंत गेम लिहिणाऱ्याला कोणाचा परवाना लागत नाही, चाचणीचे शुल्क लागत नाही, आणि उद्या गेममधल्या चुकांची दुरुस्ती सोडायची झाली तर कोणाला विचारावे लागत नाही. कन्सोलवर यातले प्रत्येक पाऊल कंपनीच्या तपासणीतून जाते. 'फेझ' या गेमच्या निर्मात्यांनी २०१२ मध्ये एक्सबॉक्सवरील सदोष दुरुस्ती नव्याने द्यायला नकार दिला होता, कारण फेरतपासणीसाठी हजारो डॉलर मोजावे लागणार होते. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने ते शुल्क काढून टाकले.

खरी परीक्षा मायक्रोसॉफ्टचीच पाहावी, कारण ही कंपनी दोन्ही गावांत राहते. एक्सबॉक्सवर इंटरनेटवरून इतरांशी खेळायला ती वर्गणी घेत असे. २००७ मध्ये तिने विंडोजवरही तशीच वर्गणी लावून पाहिली. संगणकावर खेळणाऱ्यांनी तिकडे पाठ फिरवली आणि २००८ मध्ये ती सेवा निमूटपणे फुकट करावी लागली. पुढे ऑगस्ट २०२१ पासून कंपनीने आपल्या विंडोज दुकानातला गेमवरचा वाटा ३० वरून १२ टक्क्यांवर आणला. एक्सबॉक्सवरचा ३० टक्के तसाच ठेवला. एकच कंपनी, एकच गेम, पण वेस असलेल्या बाजूला जकात अडीचपट.

इथे जाणकार वाचक अडवेल. संगणकावरच्या गेमचे सगळ्यात मोठे दुकान म्हणजे वॉल्व्ह या कंपनीचे, २००३ मध्ये सुरू झालेले स्टीम, आणि तेही मुळात ३० टक्केच घेते. विक्री एक कोटी डॉलरच्या पुढे गेली तर २५ आणि पाच कोटींच्या पुढे २०. मग गेम स्वस्त का? आक्षेप रास्त आहे, आणि नुसत्या टक्केवारीवर बोट ठेवणारी स्पष्टीकरणे इथेच गळतात. फरक वाट्यात कमी आणि दुकानांच्या संख्येत जास्त आहे. प्रकाशक स्टीमकडून फुकट 'की', म्हणजे गेम उघडायचे कोड, घेऊन त्या इतर संकेतस्थळांवर विकू शकतो, आणि त्या विक्रीत वॉल्व्ह वाटा मागत नाही. ही दुकाने एकमेकांचे भाव पाडतात. २०१८ मध्ये एपिकने १२ टक्के वाट्याचे दुकान थाटले. शिवाय संगणकावर वीस वर्षांपूर्वीचा गेमही बहुधा चालतो, म्हणून नव्याला जुन्याशी झुंजावे लागते. कन्सोलची पिढी बदलली की जुन्या मालाचे ओझे पूर्वी बरेचसे उतरत असे. आणि चोरीच्या प्रती संगणकावर सहज मिळत असल्याने भाव फार ताणला तर गिऱ्हाईक दुसरीकडून घेते, हे प्रकाशकाला ठाऊक असते. सोनी मात्र उलट दिशेने गेली : एप्रिल २०१९ पासून तिने पूर्ण गेमचे डिजिटल कोड इतर दुकानांतून विकणे बंद केले. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ग्राहकांच्या वतीने तिच्यावर पाच अब्ज पौंडांपर्यंतचा दावा दाखल झाला, तो याच एका दुकानाच्या मक्तेदारीवरून.

छापील किमतीतला फरक आता पुसट झाला आहे. २००९ मध्ये 'कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २' संगणकावरही ६० डॉलरला आला तेव्हा बरीच आदळआपट झाली, हळूहळू इतर मोठ्या प्रकाशकांनी तीच वाट धरली. २०२० मध्ये नव्या कन्सोलांबरोबर ७० डॉलरचा भाव आला, आणि संगणकही त्यामागे गेला. आज अंतर दिसते ते पहिल्या दिवशी नव्हे, सहा महिन्यांनी, स्टीमच्या उन्हाळी किंवा हिवाळी सेलमध्ये.

डिस्कवाल्यांची बाजूही ऐकायला हवी. डिस्क ही वस्तू आहे. खेळून झाली की विकता येते, मित्राला देता येते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये जुन्या गेमची विक्री कायदेशीर ठरवली. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनवर या फेरविक्रीला बंधने घालायचे जाहीर केले आणि ओरड होताच काही दिवसांत माघार घेतली. स्टीमवर घेतलेला गेम मात्र खात्याला चिकटतो. म्हणजे महाग प्रत विकून आलेले पैसे वजा केले, तर कन्सोलवाला पुष्कळदा कमी खर्चात सुटतो. त्याचे यंत्रही तेवढ्याच ताकदीच्या संगणकापेक्षा स्वस्तात आलेले असते; ग्राफिक्स कार्डाची किंमत विचारून आलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

भारतात या गणिताला रुपयाची घडी पडते. प्लेस्टेशन ५ इथे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आले आणि त्यावरचे मोठे गेम ४,९९९ रुपयांना, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळजवळ अमेरिकी भावातच. स्टीमवर वॉल्व्ह प्रत्येक देशासाठी स्थानिक भाव सुचवते, आणि छोट्या निर्मात्यांचे बरेच गेम इथे डॉलरच्या हिशेबापेक्षा पुष्कळ कमी रुपयांत मिळतात. कन्सोलचे गेम असे महाग पडतात म्हणूनच आपल्याकडे डिस्कची अदलाबदल आणि जुन्या डिस्कची खरेदी हा हौशीपेक्षा गरजेचा मामला राहिला. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या घरोघरी 'व्हिडिओ गेम' म्हणून जे आले, ती बहुतेक निन्टेन्डोच्या जपानी यंत्राची, फॅमिकॉमची, नक्कल होती. त्या जपानी यंत्रात कुलूप-चिप नव्हती. शेकडो गेम भरलेली पिवळी-काळी 'कॅसेट' किरकोळ पैशांत मिळायची, कारण तिच्यावर कोणाचीच जकात नव्हती.

कन्सोल जुना होत गेला की स्वस्त होतो, हा नियमही अलीकडे मोडला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ५ ची किंमत ५० डॉलरने वाढली. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सोनीने ७०० डॉलरचे प्लेस्टेशन ५ प्रो आणले होते. त्यात डिस्क घालायची खाच नाही. ती हवी असेल तर वेगळी विकत घ्यावी लागते.