भाषा-फाइली काढून टाकणे

संगणकाची प्रणाली आणि त्यावरचे प्रोग्रॅम यांच्याबरोबर आलेली, पण वापरात नसलेल्या भाषांमधली भाषांतरे पुसून डिस्कवर जागा मोकळी करण्याची पद्धत. मोठ्या प्रोग्रॅमचे मेनू, सूचना आणि मदतीची पाने डझनावारी भाषांत येतात. वापरणारा त्यांतली एखाद-दुसरीच वाचतो. उरलेल्या भाषा मिळून काहीशे मेगाबाइट सहज व्यापतात.

लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर ही भाषांतरे बहुधा ग्नू गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या पद्धतीने ठेवलेली असतात. भाषांतरकार ‘पीओ’ फाइल लिहितो, तिच्यापासून ‘एमओ’ फाइल तयार होते आणि ती ‘लोकेल’ फोल्डरात आपापल्या भाषेच्या खणात जाते. मराठीचा खण ‘एमआर’, हिंदीचा ‘एचआय’. एमओ फाइलमध्ये मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचे भाषांतर अशी जोडी असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, रोमन अक्षर १ बाइट. त्यामुळे मराठीची फाइल तेवढ्याच मजकुराच्या डच फाइलपेक्षा जड भरते.

इंग्रजीला सहसा अशी फाइल लागतच नाही, कारण मूळ वाक्ये प्रोग्रॅमच्या आतच असतात. सगळे खण रिकामे केले तरी प्रोग्रॅम चालतो, फक्त इंग्रजीत. या छाटणीत मूळ इंग्रजी मजकुराचे काही जात नाही. जाते ते मराठी, कोकणी, तमिळ यांचे, म्हणजे बहुतेक वेळा स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे फावल्या वेळात केलेले काम.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर या कामासाठी ‘लोकेलपर्ज’ हे साधन आहे. कोणत्या भाषा ठेवायच्या हे ते सुरुवातीला विचारते आणि पुढे नवे पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमच्या फाइलींचा संच, बसले की बाकीच्या भाषा पुसते. फाइली गेल्या तरी पॅकेजांच्या नोंदवहीत त्या ‘आहेत’ अशाच राहतात, म्हणून हा उपाय कच्च्या दिलाच्या माणसासाठी नाही, असा इशारा साधनाच्या वर्णनातच दिलेला आहे. २०१० पासून डीपीकेजीलाच, म्हणजे डेबियनवर पॅकेजे बसवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमलाच, नको ती फोल्डरे वगळायला सांगता येते. मग त्या फाइली डिस्कवर उतरतच नाहीत. दोन्हींत हा मार्ग स्वच्छ. नियम लिहिताना मात्र क्रम सांभाळावा लागतो: आधी सगळे लोकेल फोल्डर वगळायचे, मग त्याखाली मराठीचा अपवाद. उलट लिहिले तर मराठीही जाते.

ठेवायच्या यादीत हिंदीही असावी. अनेक प्रोग्रॅमचे मराठी भाषांतर अर्धवट आहे आणि गेटटेक्स्टला भाषांचा पसंतीक्रम देता येतो: आधी मराठी, नाही तर हिंदी, तेही नसेल तर इंग्रजी. हिंदीचा खण पुसला की ही मधली पायरी जाते. मराठी लिहिण्या-वाचण्याला मात्र धक्का लागत नाही; फॉन्ट आणि कळफलक वेगळ्या पॅकेजांत असतात.

मॅकवर ॲपच्या आत नावाच्या शेवटी ‘एलप्रोज’ असलेली भाषांची फोल्डरे असतात आणि ‘मोनोलिंग्वल’ हे साधन ती काढते. त्यातले ‘बेस’ फोल्डर भाषेचे नसून पडद्याच्या मूळ मांडणीचे असते, त्याला हात लावू नये. २०१५ पासून प्रणालीचे स्वतःचे भाग संरक्षित झाले आणि २०२० मध्ये प्रणालीचा विभागच सीलबंद झाला, त्यामुळे आता ही छाटणी बाहेरून घेतलेल्या ॲपांपुरती उरली आहे. विंडोजमध्ये भाषा-पॅक सेटिंग्जमधूनच काढता येतो.

४ जीबी साठवणीचे ‘ई पीसी’ हे छोटे लॅपटॉप २००७ मध्ये बाजारात आले, तेव्हा काहीशे मेगाबाइट फार मोलाचे होते. आज शेकडो जीबींच्या डिस्कवर त्यांना तेवढी किंमत नाही. जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) आणि उतरवून ठेवलेली पॅकेजे काढल्याने बहुधा जास्त जागा सुटते. छाटणीचा खरा उपयोग राहिला आहे तो छोट्या मेमरी कार्डावर आणि कंटेनरांत, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधलेल्या गाठोड्यांत. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनासाठीच्या डेबियनच्या ‘स्लिम’ प्रतिमा भाषांतरांशिवायच येतात. ॲन्ड्रॉइडने तर पुसण्याची वेळच येऊ नये अशी सोय केली: २०१८ मध्ये आलेल्या ॲप बंडल या ॲप-वाटपाच्या पद्धतीमुळे फोनवर निवडलेल्या भाषांचाच भाग उतरतो आणि भाषा बदलली की नवा भाग येतो.

सर्वांत जपायला हवे ते शाळा-ग्रंथालयांच्या संगणकांवर. तिथे एका यंत्रावर केलेली मांडणी सगळ्या यंत्रांवर उतरवतात. मूळ प्रतीत मराठी नसली तर प्रयोगशाळेतल्या एकाही मुलाला मराठी मेनू दिसत नाही. पुसलेली भाषा परत आणायची तर आधी वगळण्याचे नियम काढावे लागतात आणि मग संबंधित पॅकेजे पुन्हा बसवावी लागतात. उबुंटू या लिनक्सच्या प्रकारात बरीचशी मराठी भाषांतरे वेगळ्या भाषा-पॅकांत असल्याने तिथे हे काम बरेच सोपे जाते.