तेलिया रुमाल म्हणजे तेल पुसायचं फडकं नव्हे

कोल्हापुरात हातमागाच्या प्रदर्शनात तेलिया रुमाल दिसला की कुणीतरी म्हणतंच, "छापील हाय, आणि तेलाचे हात पुसायचा म्हणून तेलिया." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय, दोन्ही चूक. आपल्याकडं म्हातारी माणसं डोक्याला बांधतात त्या अर्थाचा रुमाल हा, मूळचा आंध्रातल्या चिरालाचा, आता तेलंगणातल्या पुट्टपाकाचे विणकर करतात, पूर्वी अरब देशांत डोक्याला बांधायला जायचा. तेल लागतं ते सुताला. तेल आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेचं पाणी, त्यात सूत मळायचं, वाळवायचं, परत मळायचं, असं कित्येक दिवस, तेव्हा कुठं लाल रंग पक्का बसतो, आणि नव्या कापडाला तेलाचा वास राहतोच.

आणि छापील म्हणणाऱ्यांनी जरा उलटा करून बघा की! नक्षी दोन्ही अंगाला सारखी, चौकोनाच्या कडा किंचित फिस्कटलेल्या, कारण उभं-आडवं दोन्ही सूत विणायच्या आधीच गाठी बांधून रंगवलेलं असतंय, मागावर ते तंतोतंत जुळवायला लागतं, धागा सरकला की नक्षी बिघडली. जुन्या रुमालांवर तर घड्याळं, विमानंसुद्धा अशीच विणलेली आहेत. पुट्टपाकाच्या रुमालाला २०२० मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय.