चॉकलेटला विरजण लावावं लागतं

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. चॉकलेटवर पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असते, ताबडतोब फेकून द्या, मुलांना अजिबात देऊ नका, दहा जणांना पाठवा वगैरे वगैरे. आणि योगायोग बघा, त्याच्या दोनच दिवस आधी आमच्या डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात मी २४ केक पॉप केले होते, त्यातल्या १९ वर असेच पांढरट ढग उमटलेले आणि ११ उभे तडकलेले, वाढदिवस भाचीचा, पाहुणे दारात, आणि मी हातात काड्या धरून उभा. केमिस्ट्रीत पदवी घेतलेल्या माणसाची याहून मोठी फजिती काय व्हायची? तेव्हा बुरशी नाही तर मग ते काय होतं, हे सांगायलाच हा लेख.

ज्यांना केक पॉप माहीत नाही त्यांच्यासाठी: केक करायचा, गार झाला की कुस्करायचा, त्यात थोडं बटरक्रीम घालून लाडू वळायचे, काडीवर खोचायचे आणि वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायचे. अमेरिकेत २००८ च्या आसपास हे फॅड सुरू झालं, २०११ मध्ये स्टारबक्सने विकायला घेतलं आणि मग जगभर पसरलं. पण खरं सांगायचं तर आपल्या आज्या शिळ्या पोळ्या कुस्करून गूळ-तूप घालून जे लाडू वळायच्या ते हेच, फक्त काडी आणि चॉकलेट नव्हतं.

आतल्या लाडवात फार विज्ञान नाही असं नाही, पण मी ते पटकन उरकतो. केक भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, अंड्यातलं प्रोटीन घट्ट होतं, त्यामुळे जाळी उभी राहते, आपण ती जाळी काट्याने मोडतो आणि लोण्या-साखरेच्या चिकटपणावर पुन्हा बांधतो. पाव किलो चुऱ्याला दोन-तीन टेबलस्पून बटरक्रीम पुरतं. जास्त घातलं तर लाडू काडीवरून हळूहळू खाली सरकतो, आणि केक गरम असतानाच मळलात तर लोणी वितळून सगळं तेलकट होतं. लाडू २५-३० ग्रॅमचा ठेवा, त्याहून मोठा काडीला झेपत नाही. काडीचं टोक आधी चॉकलेटमध्ये बुडवून मग खोचायचं, ते गोठलं की डिंकासारखं धरतं. झालं. आता खरी गंमत बाहेरच्या कवचात आहे.

मी काय केलं होतं ते सांगतो. चांगलं महागातलं डार्क चॉकलेट आणलं, ज्यात खरं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतली चरबी, असतं तसलं. डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर दुसरं भांडं ठेवून, वितळवलं, एकदम पातळ झकास झालं, फ्रिजमधून थंडगार लाडू काढून त्यात बुडवले आणि लगेच परत फ्रिजमध्ये उभे केले. पंधरा मिनिटांत कडक! मी खूश. दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर वर सांगितलेला प्रकार, शिवाय बोट लावलं की चॉकलेट बोटाला चिकटायचं.

चूक चॉकलेटच्या दर्जात नव्हती, चूक स्फटिकात होती. आपल्याला वाटतं की एखादा पदार्थ गोठला म्हणजे गोठला, पाण्याचा बर्फ होतो तसा. पण कोको बटर एकाच रासायनिक घटकांचं असूनही सहा वेगवेगळ्या प्रकारे गोठू शकतं. विली आणि लटन या दोन शास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये हे सहा प्रकार क्रमांक देऊन मांडले. पहिला प्रकार साधारण १७ अंशाला वितळतो, दुसरा २३ ला, तिसरा २५.५ ला, चौथा २७ च्या जरा वर, पाचवा ३४ च्या जवळ आणि सहावा ३६ ला (सगळे अंश सेल्सिअस). आपल्याला हवा असतो पाचवा. तो खोलीत घट्ट राहतो, चकाकतो, मोडताना कट्ट वाजतो, आणि तोंडात ३७ अंशाला गेला की विरघळतो. चौथा डोंबिवलीच्या दुपारी हातात घेतला तरी वितळतो. म्हणजे ज्याला आपण चॉकलेटची चव म्हणतो त्यातली बरीचशी गंमत या सहा-सात अंशांच्या फरकाची आहे!

आता प्रश्न असा की रेणू तेच, मग वितळायचं तापमान वेगळं कसं? इथे जरा दमाने घ्या. कोको बटरचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या दांड्याला लटकलेल्या तीन लांब शेपट्या. टोकाच्या दोन शेपट्या बहुतेक वेळा पामिटिक किंवा स्टिअरिक आम्लाच्या, म्हणजे सरळसोट. मधली ओलेइक आम्लाची, तिच्यात मध्यावर एक दुहेरी बंध असतो आणि त्यामुळे ती गुडघ्यात वाकलेली असते. स्फटिकात बसताना टोकाच्या दोन एका दिशेला आणि मधली उलट दिशेला अशी रेणूची बैठक होते, ढोबळमानाने खुर्चीसारखी. मंगल कार्यालयात जेवणं आटपली की पोरं प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालतात, तसे हे रेणू एकावर एक रचले जातात. घाईघाईत रचले तर वाकडा पाय शेजारच्याच्या सरळ पायांमध्ये अडकतो, मध्ये फटी राहतात, रचना ढिली. पहिल्या चार प्रकारांत असंच होतं, तिथे थराची जाडी दोन शेपट्यांएवढी असते आणि सरळ-वाकड्या शेजारी शेजारी कोंबलेल्या. पाचव्यात मात्र थराची जाडी तीन शेपट्यांएवढी होते, म्हणजे वाकड्या सगळ्या मधल्या रांगेत एकमेकींत बसतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना सरळ शेपट्यांच्या स्वतंत्र रांगा. वाकड्यांना वाकड्यांची सोबत मिळाली की सरळ शेपट्या खेटून बसू शकतात, खेटून बसल्या की त्यांच्यातलं आकर्षण वाढतं, आकर्षण वाढलं की त्यांना सोडवायला जास्त उष्णता लागते, आणि म्हणून वितळणबिंदू ३४. (हे एकदा वाचून डोक्यावरून गेलं असेल तर खुर्च्या लक्षात ठेवा, बाकी सोडा.)

मग निसर्ग थेट पाचवाच का करत नाही? कारण नीट रचायला वेळ लागतो. विल्हेल्म ओस्टवाल्ड नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने, ज्याला १९०९ चं नोबेल मिळालं, १८९७ मध्येच निरीक्षण मांडलं होतं की पदार्थ गोठताना बहुधा आधी सर्वात स्थिर रूप धरत नाही, जे पटकन जमेल ते धरतो आणि मग पायरी पायरीने स्थिर रूपाकडे जातो. मी गरम चॉकलेट थेट फ्रिजमध्ये ढकललं तेव्हा नेमकं हेच झालं, खालच्या नंबरांच्या ढिल्या स्फटिकांची गर्दी. दुसऱ्या दिवशी खोलीच्या उबेत ते हळूहळू पुन्हा रचले जायला लागले, त्यात थोडी चरबी सुटी होऊन पृष्ठभागावर आली आणि तिथे मोठ्या स्फटिकांनी गोठली, तेच ते पांढरे ढग. याला फॅट ब्लूम म्हणतात. बुरशी नाही हो! चॉकलेटमध्ये बुरशीला वाढायला पुरेसं पाणीच नसतं. आतल्या केकला लागू शकते, पण ती केसाळ दिसते आणि वास येतो. डागावर बोट घासून बघा, फॅट ब्लूम असेल तर बोटाच्या उबेने पुसलं जातं.

यावरचा उपाय म्हणजे टेम्परिंग, आणि मला यातली चलाखी इतकी आवडते की काय सांगू. आधी चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत तापवायचं, जुने सगळे स्फटिक पुसले जातात, पाटी कोरी. मग ढवळत ढवळत २७ पर्यंत उतरवायचं, इथे चौथा आणि पाचवा दोन्ही जन्माला येतात. आणि आता परत ३१-३२ पर्यंत चढवायचं. चौथा २७ च्या जरा वर वितळणारा, तो गेला. पाचवा ३४ पर्यंत टिकणारा, तो राहिला. तापमानाची चाळणी! नको तो खाली पडला, हवा तो वर. वाचलेले पाचव्याचे बारीक स्फटिक अगदी थोडे असतात, पण पुढे गोठणारा प्रत्येक रेणू त्यांचीच रचना पाहून बसतो.

घरी याची सोपी आवृत्ती आहे आणि ती आपल्याला लगेच कळते, कारण ते विरजण आहे. दोन तृतीयांश चॉकलेट वितळवा, ३५ च्या खाली आलं की उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून त्यात टाका आणि ढवळा. दुकानातून आणलेलं चॉकलेट कारखान्यात पाचव्यातच गोठवलेलं असतं, तो चुरा म्हणजे आयतं विरजण. गरम दुधात विरजण घातलं तर ते मरतं, तसंच इथे ४० ला चुरा टाकलात तर तो वितळून जातो आणि विरजण उरतच नाही. तूप रवाळ हवं असेल तर आई भांडं हलवू न देता सावकाश गार होऊ देते, फ्रिजमध्ये टाकलं तर गुळगुळीत थापी होते, तेही चरबीच्या स्फटिकांचंच. मिल्क चॉकलेटला ३१ ऐवजी २९-३० ठेवा, त्यातली दुधाची चरबी मध्ये लुडबुड करते. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर मात्र हवा, अंदाजाने जमतं म्हणणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता तडा. हा वेगळा विषय आहे आणि रील्समध्ये कुणी सांगत नाही. लाडू फ्रिजमधून ४ अंशाला निघतो, बाहेरचं चॉकलेट त्याच्यावर गोठताना आकसतं, पाचव्या प्रकारात तर चांगलंच आकसतं (म्हणून तर साच्यातून सुटून येतं). आणि आतला लाडू? तो तासाभरात २९ अंशांवर येतो आणि फुगतो. त्यात अडकलेली हवा ४ वरून २९ ला जाताना मोकळी सोडली तर ९ टक्के पसरेल, लोणीही मऊ होऊन पसरतं. बाहेरून आवळतंय, आतून ढकलतंय, आणि कवच दोन मिलिमीटरचं. जिथे पातळ तिथे चीर. म्हणून लाडू फ्रिजमध्ये घट्ट करा पण बुडवण्याआधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, गार लागला पाहिजे पण बर्फासारखा नको.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. जुलैत आपल्याकडे हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या आसपास येतो, म्हणजे २५ पेक्षा गार प्रत्येक गोष्टीवर पाणी धरणार. फ्रिजमधून काढलेला केक पॉप घामेजतो, ते पाणी साखर विरघळवतं, वाळलं की साखरेचा खरखरीत पांढरा थर उरतो. हा शुगर ब्लूम, बोटाने घासून जात नाही.

आणि पाण्यावरूनच आठवलं. बुडवता बुडवता माझं वाटीतलं चॉकलेट अचानक घट्ट, रवाळ, चिखलासारखं झालं. शेजारच्या काकू आल्या होत्या, म्हणाल्या, "नजर लागली रे, मघाशी कोण आलं होतं?" कोणी नाही काकू, ओला चमचा आला होता. चॉकलेट म्हणजे चरबीत तरंगणारे साखरेचे नि कोकोचे कण, २०-३० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पाण्याचा थेंब पडला की तो चरबीत मिसळत नाही, साखरेच्या कणांना भिजवतो, ते एकमेकांना चिकटतात आणि सगळा गोळा होतो. गंमत म्हणजे आणखी पाणी किंवा क्रीम घातलं तर परत गुळगुळीत होतं, फक्त मग ते कवचाच्या कामाचं नाही, सॉस म्हणून चालतं. लाकडी चमचा टाळा, तो पाणी धरून ठेवतो. आमच्याकडे लोणचं बिघडलं की पाळीतल्या बाईचा हात लागला म्हणायचे, किती पिढ्या बायकांनी ते ऐकून घेतलं असेल. तिथेही गुन्हेगार बहुतेक वेळा ओला चमचाच!

ज्यांना हे सगळं नको त्यांच्यासाठी बाजारात कंपाउंड मिळतं. त्यात कोको बटरऐवजी दुसरी वनस्पतीजन्य चरबी असते, बऱ्याचदा पामच्या बीच्या आतल्या गरापासून काढलेली, तिला टेम्परिंग लागत नाही, वितळवा आणि बुडवा. रील्समधला "फक्त दोन वस्तू, पाच मिनिटं" हा चमत्कार त्याचाच असतो, हे कॅमेऱ्यापुढे कुणी बोलत नाही एवढंच. वाईट नाहीये, मुलांच्या पार्टीला मीही वापरेन, पण तोंडात ते तसं विरत नाही, टाळूला मेणासारखं राहतं. फक्त कंपाउंड आणि खरं चॉकलेट एकत्र वितळवू नका, दोन चरबी एकमेकींच्या रचनेत बसत नाहीत आणि मिश्रण दोन्हींपेक्षा मऊ राहतं.

दुसरी बॅच रविवारी केली, एसी लावून. काडी वाटीतून उचलली, मनगटावर हलके टिचकी मारत जास्तीचं चॉकलेट उतरवलं, आणि चार-पाच मिनिटांत कवचाची ओली चमक जाऊन साटिनसारखी झाली, कडेपासून आत सरकत जाताना दिसते ती. भाचीने चावा घेतला तेव्हा स्वयंपाकघरापर्यंत कट्ट ऐकू आलं. बारापैकी एक तरीही तडकला, तो मी थेट फ्रिजमधून घेऊन बुडवला होता, मुद्दाम. पहिल्या बॅचची तडकलेली कवचं टाकली नाहीत, सोलून डब्यात ठेवलीत, रात्री गरम दुधात दोन तुकडे टाकतो.